तार नको

मटकी लागली.
बेचाळीस मिनिटं श्रीरंग फोनवर होता,
कळव्याच्या खोलीचे दोन भाग कसे पडतात
हे मला आकड्यांत समजावत होता,
आणि मी गॅलरीत उभी राहून
हो का म्हणत होते, मग अस्सं, मग काहीच नाही.
वास आधी शेजाऱ्यांना आला.

निळं भांडं. बिडाचं, आतून पांढरं.
सीवूड्सचं एक जपानी जोडपं मायदेशी निघालं
तेव्हा त्यांनी जिन्यात मांडलेल्या सामानातून
आठशे रुपयांना उचललेलं.
इतकं जड की घणसोलीला उतरताना
रिक्षावाल्याने विचारलं,
ताई, आत मूर्ती आहे का?
आता त्याच्या बुडाशी
काळी, चकाकती, हट्टी अमावास्या.

चंदाने पाहिलं आणि हात मागे घेतला.
"नाहीतर तार द्या, दोन मिनिटांत काढते."
मी तार शोधूनही ठेवली होती.
तेवढ्यात तळमजल्याचे तोडणकर,
टाकी धुतल्याचे पैसे मागायला आलेले,
दारातूनच ओरडले: तार नको!
सोसायटीच्या सभेत ज्यांचा आवाज
कुणी ऐकलेला नाही, ते तोडणकर.

रबाळ्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं,
मुलामा चढवायच्या भट्टीवर.
"काच आहे ही," म्हणाले, "लोखंडावर वितळवलेली.
भांडं लाल व्हायचं आमच्याकडे.
बाहेर काढलं की निवताना किणकिणायचं.
त्या आवाजावर कळायचं कुठलं टिकणार."
मग त्यांनी ते उजेडात धरून, वळवून वळवून पाहिलं,
पोराचं डोकं उवांसाठी बघावं तसं.
"बरं आहे. टवका नाही कुठे."

आणि पथ्य सांगितलं:
दोन बोटं पाणी. खायचा सोडा, तीन चमचे, मूठभर नको.
गॅस बारीक. उकळी नको, नुसती कुजबुज.
लाकडी उलथन्याने कडेकडेने विचारायचं,
नाही म्हणालं तर सोडून द्यायचं.
आपोआप निवू द्यायचं.
तापल्या काचेवर गार पाणी ओतलंत
तर माझी सव्वीस वर्षं तुम्हाला माफ करणार नाहीत.

पहिल्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखं झालं.
दुसऱ्या दिवशी एक अख्खी खपली सुटली,
नकाशातल्या उरणसारखी.
तिसऱ्या रात्री सोड्याचा लेप थापून झोपले.
श्रीरंगचे दोन फोन आले. उचलले नाहीत.

भांड्याला भांडं लागायचंच, आई म्हणायची.
भांडं आणि भांडण एकाच धातूचे का,
असं मी सातवीत विचारलं होतं.
बाईंनी बाकावर उभं केलं.

यातून कुणी उपमा काढू नये.
उपमाही एकदा लागला होता यात,
तासाभरात निघाला.

चौथ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसलं.
पांढरं उघडलं, दुधाच्या दातासारखं,
पण मधोमध एक तपकिरी वर्तुळ तसंच,
पुसट, कपाखाली टेबलावर उरतं तेवढं.
खाली नेऊन तोडणकरांना दाखवलं.
त्यांनी नखाने वाजवलं, कान जवळ नेला.
किण्ण.
"हा आता भांड्याचाच. चवीला लागत नाही. शिजवा."

टाकीचे साडेतीनशे दिले.
त्यांनी कार्बन सरळ केला, पावती फाडली,
आणि भांड्याचं झाकण उगाच एकदा
उचलून परत ठेवलं.

मटकी भिजत घातली आहे.
मोड यायला उद्याची संध्याकाळ.
श्रीरंगला ती तिखट लागते, वर कच्चा कांदा,
आणि पाव असेल तर तीनदा वाढून.
फोन करीन म्हणते.
या वेळी ओट्याशी उभी राहून,
एक हात उलथन्यावर.