धुराचा कल

एकवीस वर्षं मी त्याला ओरडून सांगत आले,
"अरे, हा नको, मोठा क्लब काढ!"
टीव्हीच्या काचेवर माझ्या बोटांचे ठसे आहेत,
जिथं जिथं वारा होता तिथं तिथं.
बर्टी म्हणायचा, त्याला ऐकू येत नाही गं.
बर्टी गेला. मी ओरडत राहिले.

आणि यंदा तो आमच्याच गावी आला,
वेल्समधून, अँगसच्या या उघड्या किनाऱ्यावर.
एमलिन प्रोथेरो. वय चव्वेचाळीस.
गुडघ्याला पट्टा, जो टीव्हीत कधी दिसला नव्हता.
आणखीही बरंच दिसलं नव्हतं.
तो माझ्याहून जेमतेम चार बोटं उंच.
चालताना पुटपुटतो.
सातव्या होलवर त्यानं केळं सोललं,
साल टाकायला जागा सापडेना,
तेव्हा ती हातात धरून कितीतरी वेळ चालला,
परक्या घरी जेवायला आल्यासारखा.

आणि आवाज!
टीव्हीत नुसतं टक् होतं.
इथं ओली चादर झटकावी तसा फटकारा,
मग काहीच नाही,
फक्त तीनशे माना एकदम वर.

मी चाळीस वर्षं हॅडॉकला धुरी दिली,
शेपटीला शेपटी बांधून, जोडी जोडीनं.
तो वास आता माझाच झालाय.
शेजारचा एडिनबरोचा गृहस्थ जरा सरकून उभा राहिला.
बरंच झालं. मला दोरीपाशी जागा मिळाली.

शुक्रवारची दुपार, सोळावा होल.
एका फटक्यानं त्याचा कट हुकला, हे आधीच सांगून टाकते,
म्हणजे पुढचं नीट ऐकाल.

तो माझ्यापासून तीन हातांवर उभा.
समोर ग्रीनवरचं निशाण मलूल.
त्यानं चिमूटभर गवत उडवलं, ते सरळ खाली पडलं.
पण तिथं गवत खोटं बोलतं,
वाळूच्या टेकाडाचा आडोसा आहे त्याला.
खरं बोलतं ते आमचं धुराडं,
भिंतीपलीकडचं, काजळी धरलेलं.
भरती फिरली की त्याचा धूर आडवा होतो
आणि गावात शिरतो, थेट आमच्या तोंडावर.
तो आत्ताच आडवा झाला होता.

त्याचा हात लहान क्लबवर.

ऑगस्टनांच्या धाकट्यानं शांततेची पाटी उचलली,
तोच, जो लहानपणी आमच्या दाराशी मासे मागायला यायचा.
नियम मला पाठ आहेत.
त्यानं कॅडीखेरीज कुणाला विचारायचं नाही.
मी सांगू नये असा नियम नाही,
नुसती रीत आहे.
पण एकवीस वर्षांत त्यानं रीत मोडलेली मी पाहिली नाही.

धुराकडे बघू का? नुसतं बघू?
त्याला माझी नजर दिसली असती.
बघणं म्हणजे सांगणंच की.
मी खाली पाहिलं, स्वतःच्या बुटाकडे.
तिथं एक खवलं चिकटलेलं होतं, वाळलेलं.
मी त्याच्याकडेच बघत राहिले.

फटकारा झाला. सुरेख. अगदी सुरेख.
चेंडू टेकाडाच्या वर गेला,
तिथं समुद्राच्या वाऱ्यानं त्याला हातात घेतलं,
उलटसुलट करून पाहिलं,
आणि बंकरमध्ये ठेवून दिलं.

कुणीतरी चुकचुकलं. एडिनबरोवाला निघून गेला.

प्रोथेरोनं क्लब कॅडीकडे दिला,
मान वळवली, आणि मग त्याला धूर दिसला.
बराच वेळ बघत होता.
स्वतःशीच हसला,
उधारी आठवावी तसं.

"काय आहे तिथं?" त्यानं विचारलं,
कुणा एकाला नाही, दोरीला.

आता विचारायला हरकत नव्हती.
आता सांगायलाही.
माझ्याकडे एकवीस वर्षांचं साठलेलं होतं,
सगळं एकदम घशाशी आलं.

"हॅडॉक," मी म्हणाले.

"वास चांगला आहे," तो म्हणाला,
आणि गुडघा सांभाळत
वाळूत उतरायला निघाला.