डावा कान

चरईत पिठाच्या गिरणीच्या माडीवर
टिपणीस सरांचा चित्रकलेचा क्लास होता.
तिथल्या भिंतीला खरोखरच कान होता:
प्लास्टरचा, डावा, माणसाएवढाच,
मागच्या बाकावरून नीट न दिसणारा.

बाकीच्या क्लासांत म्हणे ग्रीक देवांची नाकं असत,
जाड पापण्यांचे डोळे, बोटं उडालेली पावलं.
सरांना ते परवडलं नाही.
एका रविवारी त्यांनी घरातलाच कान घेतला.
कुणाचा, ते कधी बोलले नाहीत.
वरच्या कडेला बुगडीचं बुजलेलं भोक,
मागे प्लास्टरात रुतून राहिलेला एक काळा केस.

गिरणी सुरू झाली की कान थरथरायचा.
त्याच्यावर पीठ बसायचं, पांढऱ्यावर पांढरं.
सर फुंकर घालायचे.
‘प्रकाश डावीकडून,’ म्हणायचे,
‘आणि पांढरं काढायचं नसतं रे,
राखायचं असतं.’
फळ्याचा खडूही त्याच जातीचा, म्हणायचे,
फक्त कांडी केलेला.

तीन वर्षं तोच कान.
मग मी बँकेत लागलो.

नोव्हेंबर. नौपाडा शाखा. काउंटर तीन.
हयातीच्या दाखल्याची रांग जिन्यापर्यंत.
या बाईंचा अंगठा यंत्र घेत नाही.
उजवा, डावा, पुसून, ओला करून, पुन्हा उजवा.
‘चौतीस वर्षं खडू धरला,
त्यानंच खाल्ल्या असतील रेषा.’
जुळत नाही, यंत्र म्हणतं.
पिशवीत चष्मा शोधायला त्या वळतात
आणि खिडकीतला उजेड
डावीकडून पडतो.

पाळी लोंबली आहे, कड विरली आहे.
पण वरच्या वळणाखालची ती खोल घडी
जिथे माझी पेन्सिल दरवेळी अडायची,
तिथेच आहे. आणि ते भोक.

‘टिपणीस ना?’ मी विचारतो, अर्ज न वाचता.
‘इंदुमती टिपणीस. तुम्हाला कसं...’
सांगतो.
त्या कानाला हात लावून बघतात.
‘भाऊनं व्हॅसलीन फासलं, बोळा घातला.
पण घट्ट होताना ते तापतं हो!
कुणी सांगितलंच नव्हतं तापतं म्हणून.
वाटलं, कुणीतरी अगदी कानाशी येऊन
काही सांगतंय, किती वेळ.
ऐकू मात्र काही आलं नाही.’

मागे रांग खोकते.
मी कागदी फॉर्म काढतो.
सदर व्यक्ती आज रोजी माझ्यासमोर हजर.
ओळखीची खूण, या रकान्यात लिहितो
भोकाचं, नीट अक्षरात.

‘आहे का हो तो अजून कुठे?’
गिरणी पाडली, त्यावर चौदा मजले चढले.
माहीत नाही, म्हणतो.

दाखला घडी घालताना त्या थांबतात.
‘चांगला काढायचात का?’
‘नाही,’ मी म्हणतो,
‘सावली जास्त व्हायची.’