दम

राजय्या दुडम. रिंग खातं, जुनी मिल.
उंची पाच फूट चार, उजवा पाय थोडा बाहेर.
माझ्या वहीत असंच लिहिलंय.
गुण मांडायचं काम माझं असायचं.

साखर पेठेतल्या बोळात बापानं शिकवलं होतं
चेडुगुडु चेडुगुडु,
मागावर धोटा पळतो त्या चालीवर.
मिलच्या संघात पोरं हसली,
मग तो हुतूतू म्हणायला लागला.
पुढं प्रांताच्या संघात नाव आलं
आणि पत्रासोबत नियमांचं चोपडं:
शब्द एकच, कबड्डी. पंचांना ऐकू जाईल असा.
महिनाभर तो दुसरी पाळी सुटल्यावर
किल्ल्याच्या खंदकाकडेनं घोकत घरी जायचा,
टांगेवाले म्हणायचे, दुडमाचं पोरगं बिघडलं की ओ.

एकूण सहा सामने.
दुसऱ्यात नाकाचं हाड. चौथ्यात मनगट,
ते चादरीच्या काठानं बांधून तो पाचवा खेळला.

सहावा इथंच, पार्कावर, हैदराबादशी.
गॅसबत्त्या फुसफुसत होत्या, आपण दोन गुणांनी मागं.
आत गेला. तिघांना शिवला.
चौथ्यानं घोटा धरला, तो तोंडावर आपटला,
रेघ राहिली वीतभर,
आणि मातीनं भरलेल्या तोंडातून
निघालं ते चेडुगुडु.

धरणारा दचकला.
त्याच्याही गल्लीतला शब्द असणार,
बोटं सैल पडली त्याची.
राजय्याचा हात रेघेवर पोचला
आणि शिट्टी वाजली.

शब्द बदलला, बाद.
दम तुटला नव्हता. मी चार हातांवर बसलो होतो.
वहीत मात्र शून्य लिहिलं,
पंचांचंच लिहायचं असतं.
सातव्या सामन्याचं पत्र आलं नाही.
तो दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला हजर होता.

मिलचा भोंगा थांबल्यालाही आता वर्षं झाली.
परवा सिव्हिलात त्याला घेऊन गेलो,
छातीचा फोटो काढायला.
पोरसवदा मशीनवाला आतून ओरडला,
बाबा, श्वास धरा.
त्यानं धरला.
फोटो निघाला. सोडा म्हणाला. दोनदा म्हणाला.
काचेतून मी बघत होतो,
त्याचे ओठ हलत होते,
तीन शब्दांतला कुठला,
ते काय मला ऐकू आलं नाही.