वाटा

सोखनाचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून
चौसष्टाव्या वर्षी, हातात निळी बादली,
मी सुम्बेजूनच्या वाळूत उभा.
एकतीस वर्षं डाकारच्या याच रस्त्याने मिनीबस हाकली.
"मासळीबाजार, चला, उतरा" म्हणत
किती बायका उतरवल्या, गणती नाही;
स्वतः कधी उतरलो नव्हतो.
परतताना त्यांच्या बादल्या गळायच्या
आणि मी आरशातून ओरडायचो.

होड्या लागतात तेव्हा ऊन तिरपं झालेलं असतं.
पोरं खांदा देतात, ओंडक्यांवरून एकेक वर सरकते,
लाल, पिवळी, नाकाडावर कुणा अवलियाचं नाव.
बायका गुडघाभर पाण्यात शिरून
टोपल्या वाळूला टेकायच्या आत हात घालतात.
मी मागे. बूट भिजतील म्हणून.

फोन कानाला. "डोळा बघितलास?"
बघितला. त्यानेही मला बघितलं.
"खोल गेलाय का?"
माझ्यापेक्षा कमी.
"कल्ला उचल."
उचलला. आत ब्रेकचा दिवा लागल्यासारखं लाल.
"आता दाबून बघ."
मी टायर दाबतात तसा अंगठा रोवला.
विकणारी ओरडली, "बाबा, हवा भरायची आहे का त्यात?"
रांगच्या रांग हसली.
फोनमधलीसुद्धा.

तो हेकरू होता, हातभर लांब, चितकबरा.
लग्नाच्या पहिल्या वर्षांत शुक्रवारी-शुक्रवारी
आमच्या परातीत, भाताच्या मधोमध असायचा,
आणि आम्ही त्याचं काही कौतुक करत नव्हतो.
आता भाव ऐकला आणि दोन्ही हातांनी
झोपलेलं मूल ठेवावं तसा खाली ठेवला.
"तो इथला नाही राहिला," बाई म्हणाली.
"रात्रीच्या विमानाने जाईल."
मागे बर्फाचा ट्रक गुरगुरत उभा.
मी अजून विमानात बसलेलो नाही.

खिशात दोन हजार फ्रँक.
घरी परातीभोवती अकरा तोंडं.
पलीकडे तारल्यांचे वाटे मांडले होते,
मी त्यातल्या त्यात उंच दिसला त्याकडे बोट केलं.
बाईने बोटाकडे बघितलं, मग फोनकडे.
"कोण आहे?"
सोखना.
"हिरव्या फाटकाची सोखना? मग आधी सांगायचं!"
आणि खवल्यांनी चमकणाऱ्या हाताने
फोन घेऊन टाकला.

तिचं नाव तेनिंग, हे मला तेव्हा कळलं.
आमच्या धाकटीच्या बाळंतपणात
तिने शिंपल्यांचं सार पाठवलं होतं, हेही.
मी ते प्यायलो होतो बहुतेक.
सोखनाने काहीतरी विचारलं असावं,
कारण तेनिंग समुद्राकडे बघून म्हणाली,
"नाही. मसांबाचा फोन नाही.
उत्तरेला गेला त्याला आज एकोणीस दिवस."
बराच वेळ दोघी काही बोलल्या नाहीत.
फोनचे पैसे चालूच होते.
मी बादलीचा दांडा या हातातून त्या हातात घेतला.

मग तिने मी दाखवलेला वाटा हाताने मोडला,
"सकाळचा आहे हा, अनोळखी लोकांसाठी,"
आणि ओल्या गोणपाटाखालून
ताठ, निळसर पाठीच्या तारल्या मोजून घातल्या.
वर दोन. त्यावर आणखी एक.
शेवटी हेकरूचं एक डोकं, थाळीएवढं.
"धड गेलं विमानात. डोकं चिंच घालून शिजव म्हणावं,
कणीच्या भातावर."
मी पैसे पुढे केले. तिने वाट्याचेच घेतले,
डोक्याचे नाही.

परतताना बस भरलेली. बादली मांडीवर,
डोक्याचा डोळा काठावरून बाहेर बघतोय.
"ओ म्हातारबा! पाणी!"
आरशात पोरगेला ड्रायव्हर, कपाळाला आठ्या.
काय सांगणार त्याला.
मी बादली जरा माझ्याकडे कलती केली.
उजवा बूट भरला.