सूचक

अर्जावर सूचक म्हणून सही माझी आहे.
निळ्या शाईची, जराशी थरथरलेली,
बंदर खात्यात तीस वर्षं पावत्यांवर केली तशीच.

उमेदवाराचं नाव दुर्योधन बेहेरा.
साहेबाने चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"ह्या नाव खरा?"
"आमच्या गंजामला ठेवतात, साहेब. आजोबांचं पण तेच."
मागे रांगेत कुणीतरी तोंडाने पखवाज वाजवला,
दशावतारात राजा येतो तेव्हाचा.

एकोणीस वर्षांपूर्वी हा वेंगुर्ल्यात उतरला,
हॉटेल समाधानच्या मोरीवर ताटं घासायला.
त्याच्या गावी सूर्य समुद्रातून वर येतो.
इथे पहिल्या संध्याकाळी बंदरावर उभा राहून म्हणाला म्हणे,
तुमच्याकडे उलटं लावलंय सगळं.
हिंदीवाल्यांना न जमणारा 'ळ' मात्र त्याला आधीपासून येत होता,
त्यांच्या भाषेतही आहे तो.
आता मॅनेजर. गल्ल्यावर बसतो.
बांगडा आजचा की कालचा, डोळे न बघता सांगतो,
नुसत्या आवाजावरून,
विकणारणीच्या.

वॉर्ड नऊमध्ये साखर कुणाला,
सोमवार कोण धरतो,
आणि सोमवारी मागच्या दाराने सुंगटं बांधून कोण नेतो,
सगळं त्याला ठाऊक.
"उधारीची वही काढ," मी म्हटलं, "अर्धा वॉर्ड आहे तिच्यात."
"ती मालकाची आहे, काका."

कपबशी मागितली होती, मिळालं शिलाई मशीन.
चार वेटर आणि एक आचारी
शिलाई मशीनचे कागद घेऊन फिरले,
दुपारी तीन ते सहा, हॉटेल बंद असतं तेव्हा.
तो मासळी बाजारामागच्या गटाराबद्दल बोलायचा,
जेटीकडच्या विझलेल्या दिव्यांबद्दल. एवढंच.
आणि प्रत्येक खळ्यात, पाणी पुढे करायच्या आधी,
"तू खंयचो?"
पहिल्या दिवशी म्हणाला, गंजामचा.
तिसऱ्या दिवशी, दाभोसवाड्यातला.
शेवटी नुसता हसायचा आणि पाणी मागायचा.

यंत्रासमोर मी एकटा.
शिलाई मशीन पाचवं.
दुसरा आमच्या भावकीतला उल्हास,
ज्याच्या बापाने माझ्या बापाला खांदा दिला.
बोट पाचव्यापर्यंत गेलं, हे शपथेवर सांगतो.
गेलं.

एकसष्ट मतांनी पडला.
माझ्या एकाने काही झालं नसतं,
हे मी मोजलंय. अजून मोजतो.
गुलालाची मंडळी जेवायला समाधानलाच आली, तीन पंगती झाल्या.
"दुर्योधन शेवटाक पडताच रे!" कोणी ओरडलं,
तर हा मांडी चोळल्यासारखं करत हसला,
आणि बिलात एक पैसा सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही.
तिसऱ्या दिवशी गेलो. खिडकीकडची जागा.
न सांगता आली सोलकढी,
माझ्या पोटासाठी मिरची न घातलेली.
"काका," तो म्हणाला, "पुढच्या वेळी पण सूचक तुम्हीच."

घास तोंडात होता,
म्हणून बरं.