वरचा स्वल्पविराम

एरंडोलला, धरणगाव रस्त्यावर,
उखर्डू पेंटरनं बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला होता,
निळ्यावर पांढरं, अजून ओलं:
रोझबड इंग्लिश मिडियम अँड इट्स प्राइड.
इट्सच्या टी आणि एसमध्ये, जरा वर,
शेपटीवाली टिकली.
ठसठशीत. हौसेनं काढलेली.

मी सायकल लावली.
सव्वीस वर्षं आठवी-ब च्या वह्यांतून
हीच टिकली लाल शाईनं खुडत आलोय,
सुट्टीतही हात शिवशिवतो.

म्हटलं, उखर्डू, ती काढ.
तो म्हणाला, कापड दुकानले देल शे की,
चोरडियाज. चोरडियानं दुकान. बरोबर शे ना?
बरोबर.
मंग शायानी काय घोडं मारं?

खिशात खडू असतोच,
जशी काहींच्या खिशात तंबाखूची पुडी.
भिंतीवर मांडलं: हा इट, हा इज.
बोलणारा घाईत असतो, इजचा आय गळतो,
गळला तिथं ही टिकली बसते,
की बाबा, इथं कुणीतरी होतं.
तुमचा 'शे'च आहे तो, आखडून बसलेला.
आणि मालकीचं इट्स? त्याला काही नाही.
युअर, देअर, हूज, यांनाही नाही.
ही मंडळी आपलं आपल्यापाशी ठेवतात,
वर निशाण लावत नाहीत.

आणि चोरडिया?
तिथंही फार पूर्वी एक ई होता म्हणतात.
ते मी सांगितलं नाही. ऊन चढत होतं.

उखर्डू टिकलीकडे बघत राहिला.
'म्हंजे ज्यानं गयं, त्याले खूण.
ज्यानं शे, त्याले काहीच नही.'

सव्वीस वर्षांत मला हे
एवढ्या थोडक्यात जमलं नव्हतं.

त्यानं घासलेटचा बोळा फिरवला.
निळ्यावर धुरकट डाग उरला.
सुकना का दिसाव नही, म्हणाला,
आणि चहा सांगायला पलीकडे गेला.

तेव्हा त्याच्या दुकानाची पाटी वाचली,
जी मी रोज जाता-येता वाचतो:
उखर्डू –                पेंटर्स.
मधे झिपरू होता. धाकटा.
सुरतेला गेला, मागावर, सात वर्षं झाली.
कशावरून बिनसलं, कुणी सांगत नाही.
नाव खरवडलंय, आडवी रेघ तशीच आहे,
दर दिवाळीला तिच्यावर नवा हात फिरतो.
मी एकदा त्याला म्हणालोही होतो,
अरे, ती रेघ चुकीची आहे.

चहा आला. मागोमाग चेअरमनचा फोन:
बोर्डाचा फोटो पाहिला,
वरची ती टिकली कुठं गेली? शोभत होती.

उखर्डूनं फोनवर पंजा धरला,
माझ्याकडे पाहिलं.
बशीत ओतलेला चहा निवत होता.
म्हटलं, सांग त्यांना,
शाळेचं अजून काही गेलेलं नाही.