अभिप्राय वही

धंतोलीतल्या शाळेचा वरचा हॉल.
खुर्च्या बेचाळीस, डेकोरेशनवाल्याच्या,
पाठीवर लाल रंगात त्याच्या पोरीचं नाव.
कूलर दोन. एकाची मोटर ओरडते,
म्हणून संवाद सुरू झाले की तो बंद करायचा,
हे काम माझं.
तिकिटं फाडणं माझं. शेवटी दाराशी
वही घेऊन उभं राहणं, तेही.

नाटकात पाच कैदी.
खडूने आखलेली बराक, नळ खोटा, थाळ्या खऱ्या.
बिपिन उमरेडकर दिवसा पतसंस्थेत पासबुकं भरतो,
रात्री सव्वाआठला चौदा वर्षांचा होतो,
म्हणजे चौदा वर्षं आत असलेला.

लोक हसले नको तिथे.
“साहेब, माह्या घरी टपाल टाकजा,
घर बदललं असंन त गल्लीत इचारजा,”
त्या बोलीला हसले, आपल्याच.
मग कळलं, बायको दुसरीकडे नांदायला गेलीय.
हसू घशात अडकलं,
दोघातिघांनी खोकून ते गिळलं.

मुलाखतीचा प्रवेश. जाळी म्हणून
मच्छरदाणीचा तुकडा, दोघांनी ताणून धरलेला.
त्याच्यापलीकडून बिपिन विचारतो,
“आई, जेवली का?”
नाटकातल्या आईने अजून तोंड उघडलं नव्हतं.
तिसऱ्या रांगेतून एक बाई म्हणाली,
“जेवली रे.”

कुणी वळून पाहिलं नाही.
बिपिनला पुढचं वाक्य सापडेना.
सुकेशिनी विंगेतून सांगत होती,
मला ऐकू येत होतं, त्याला नाही.
मी कूलर चालू केला.
बरं केलं की वाईट, अजून ठरलेलं नाही.

मग वही.
‘स्तुत्य उपक्रम. खुर्च्यांना गाद्या हव्यात.’
‘प्रकाशयोजना ठीक. संगीत टाळता आलं असतं.’
‘ज्याला मारलं त्याच्या आईचं नाटक कोण करणार?
मी करीन म्हटलं तर हॉल द्याल का?’
ह्याखाली सही होती, फोन नंबरही.
सुकेशिनीने ते पान दोनदा वाचलं,
वही मिटली, पुन्हा उघडली.

कॉलेजच्या पोरांनी फोटो काढले, बेड्यांसकट.
तुळशीराम ठवकर, वर्धा रोडच्या तुरुंगातून निवृत्त,
“कुलपाचा आवाज लहान आहे बाप्पा,” म्हणाले,
“खरा आवाज पोटात वाजते.”
आणि स्कूटरची किल्ली खिशात चाचपत
बराच वेळ जिन्यातच उभे राहिले.

ती बाई वहीपाशी आलीच नाही.
तिने चपला शोधल्या, पदर सारखा केला,
मला विचारलं, “हे लोक आता घरी जातील ना जी?”
मी म्हटलं, हो, बिपिन मानेवाड्याला राहतो.
“मग बरं,” म्हणाली.

शेवटच्या पानावर, सगळे गेल्यावर दिसलं,
पेन्सिलने, अक्षर चौथीतल्या मुलासारखं:
‘थाळी पालथी नाही ठेवत.
उभी ठेवतात. भिंतीला टेकून.
जागा कमी असते.’
सही नाही. गावाचं नाव खोडलेलं.

रविवारी पाचही थाळ्या उभ्या होत्या.
भिंत नव्हतीच आमच्याकडे,
म्हणून प्रत्येकाने आपापल्या नडगीला टेकवली.
पिवळा दिवा पत्र्यावरून उलटा फिरला,
पहिल्या रांगेतल्या एका चष्म्यावर,
मग छतावर, मग माझ्या तिकिटांच्या गठ्ठ्यावर.
मी मागे पाहिलं. मागच्या ओळीत कोण कोण होतं
त्या अंधारात ओळखू येत नव्हतं.

रात्री खुर्च्या मोजल्या. एक्केचाळीस.
पुन्हा मोजल्या. बिपिन ओरडला,
“काऊन बे, गिनती जुळून नाही राहिली?”
आम्ही हसलो, आणि गप्प झालो.

बेचाळिसावी खाली सापडली,
फाटकाबाहेर, कडुलिंबाशी,
तोंड रस्त्याकडे.
सीटवर अर्धं तिकीट, घडी घातलेलं.
मी ती वर नेली नाही लगेच.
थोडा वेळ बसलो.